माझ्या मेंदूची अटेस्टेड कॉपी

माझ्या मेंदूत काही खोट नाही, तसा कागद आहे माझ्याकडे. तुमच्याकडे असेल तर दाखवा.

सहा वर्षांपूर्वी मी आठ दिवस झोपलो नाही आणि यवतमाळातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. नवरीचं नाव छापलं नव्हतं, कारण नवरीच नव्हती. लोक असे बिलंदर, की जेवण कुठं आहे तेवढं विचारून गेले. मग तीन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आंघोळसुद्धा जिवावर यायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दुसरं काही कारण तर नाही ना, हे पाहायला मेंदूचा एमआरआय करायला लावला. रिपोर्ट आला: दोष आढळला नाही.

बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. ज्याचा कागद नाही ते त्यांच्या मते घडलेलंच नसतं. त्यांनी रिपोर्ट लॅमिनेट केला, पाच झेरॉक्स काढल्या आणि ओळखीच्या साहेबाकडून अटेस्ट करून आणल्या. बाप्पा! माझ्या मेंदूवर गोल शिक्का! "आता गोळ्या कायले पाह्यजे?" म्हणाले, आणि मला घेऊन डॉक्टरांशी भांडायला गेले.

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "काका, खूप पेशंटच्या फिल्म मोजल्या तर सरासरीत थोडा फरक दिसतो. कुठं मेंदूचा वरचा थर किंचित पातळ, कुठं आतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा मोठ्या. भास होणाऱ्यांत जास्त, याच्यासारख्या मूडच्या आजारात कमी, आणि पुष्कळांत काहीच नाही. समजा, दारव्ह्याच्या लोकांची सरासरी उंची वणीपेक्षा जराशी जास्त निघाली. म्हणून स्टँडवर उभा असलेला माणूस कोणत्या गावचा, हे उंचीवरून सांगाल काय?"

"उंचीवरून काहून? त्याच्यासंग दोन शब्द बोललो की सांगतो," बाबा म्हणाले.

"मीही तेच करतो," डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू राहिल्या. बाबांना पटलं नाही, ते सोडा.

यंदा त्यांनी दारव्ह्याचं स्थळ काढलं आणि बायोडाटाला माझा अटेस्टेड मेंदू जोडला. आजाराचं अक्षर नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी कागद उलटसुलट पाहिला. "लय पोरं पाह्यली, पण डोक्याचा कागद कोणी आणला नव्हता," म्हणाले. बाबा खुश. तेवढ्यात मुलीनं सरळ मला विचारलं, "पण डोक्याचा फोटो काढाची पाळी काहून आली?"

"रेग्युलर चेकअप," बाबा म्हणाले.

माझ्या तोंडात पोहे होते. ते गिळले आणि सगळं सांगून टाकलं. पत्रिका, भिंत, रोजच्या गोळ्या. जिनं आपल्यासोबत संसार करायचा, तिला फसवून आणायचं? तेवढा बयताड मी त्या आठ दिवसांतही नव्हतो. ती म्हणाली, "सांगितलं ते चांगलं केलं." आणि उठून आत गेली. चहा काही आला नाही.

परतीच्या जीपमध्ये बाबा भडकले. "कागद होता ना बे! तोंड उघडाची काय गरज होती?"

माझंही डोकं सटकलं. "कागद, कागद! सहा वर्षांत एकदा तरी इचारलं काय, मले काय होते म्हणून?"

बाबांनी मांडीवरची झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "काय होत होतं रे तुले?"

"आधी लय खुशी वाटे, बाबा. एवढी खुशी की भेव वाटे."

"आन् मंग?"

"मंग मरावं वाटे."

यवतमाळ येईपर्यंत त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.