एका हाताने उलटणारा बाक

सकाळी सहा चाळीसला सुतारीणबाई शेडच्या फरशीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हातात कोपरापर्यंत जुना नायलॉनचा पायमोजा चढवलेला होता. तो हात त्या प्लायवूडच्या कडेवरून सावकाश फिरवत होत्या. तळहाताला जे कळत नाही ते मोज्याला कळतं. लाकडाचं केसाएवढं कुसळ वर आलं असलं तरी धागा अडकतो. एका कोपऱ्याशी तो अडकला. त्यांनी तिथे पेन्सिलीने फुली मारली, पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा मोजा फिरवला. आता अडकला नाही. मग पुढची कड.

समोर होता एक बाक. मांडीपर्यंत उंच अशा दोन बाजूच्या फळ्या आणि त्यांच्यामध्ये बसायची पाटी. न खिळा दिसत होता, न बिजागरी, न कडी. दहा वाजता तो पाळणाघरात पोचवायचा होता. तिथे तो राहिला, तर शेडमधला खिडकीखालचा कोपरा सुतारीणबाईंचा. परत आला, तर त्या कोपऱ्यात पॅनेल कापायचं मशीन बसणार, आणि मशीनवर सुतारीणबाई. त्यांच्या थोरल्या भावाने मशीनच्या मापाचा चौकोन खडूने फरशीवर आखूनही ठेवला होता. त्या बसल्या होत्या त्या चौकोनाच्या आतच.

‘सुतारीणबाई’ हा आधी टोमणा होता. भावाच्या शेडमध्ये करवत धरणारी बाई, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. पुढे टोमण्याची धार बोथट झाली, नाव राहिलं. आता कुरिअरवालाही त्याच नावाने हाक मारतो. भावाचा धंदा स्वयंपाकघराच्या कपाटांचा. कपाटं बसवायला घरोघरी जाताना बाई एक गोष्ट बघत आल्या होत्या. घसरगुंडीवर कपडे वाळत घातलेले असत, झुलत्या घोड्यावर रद्दीचा गठ्ठा. पोर चार महिन्यांत पुढे गेलेलं असे, वस्तू तिथेच. घर दीड खोलीचं, त्यातली अर्धी खोली खेळण्यांची, आणि पोर खेळतंय कुठे, तर दारात चपलांशी. मग एकच वस्तू अशी का नसावी, की जी आज घसरगुंडी, उद्या टेबल आणि परवा होडी होईल?

भावाकडे त्यांनी कोपरा मागितला. भाऊ नाही म्हणाला नाही, हो म्हणायलाही त्याने वेळ लावला. शेवटी म्हणाला, “घे. पण कुणीतरी ठेवून घेतलं पाहिजे ते. नुसतं ‘वा वा’ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ येतात.”

पहिली वस्तू तयार झाली तेव्हा वा वा म्हणणारे खरोखरच पुष्कळ आले. तिची सात रूपं होत होती: बाक, टेबल, घसरगुंडी, पूल, होडी, दुकान, घर. चार लाकडी नॉब फिरवायच्या, दोन फळ्या सरकवायच्या, एक दांडा काढून दुसरीकडे घालायचा. कसं ते दाखवणारा रंगीत तक्ता बाईंनी स्वतः काढून चिकटवला होता. पाळणाघराच्या बाईंनी ती महिनाभर वापरून बघायला नेली. मुदत आज, गुरुवारी, संपत होती.

सोमवारी त्यांचा फोन आला.

“सुतारीणबाई, तुमची वस्तू सुंदर आहे हो. आल्या दिवसापासून बाक आहे.”

“बाक म्हणजे?”

“म्हणजे बाक. मुलं त्यावर बसून बूट काढतात. भक्कम आहे, तक्रार नाही. पण तुम्ही सात रूपं म्हणाला होतात, आम्हाला एकाचंच दर्शन झालंय. आणि बाक आमच्याकडे होताच.”

“उद्या येते.”

“या ना. ताईला एकदा नीट शिकवून जा.”

“शिकवायला नाही,” सुतारीणबाई म्हणाल्या. “बघायला येते.”

“बघा. गुरुवारी ठरवू. नाहीतर मी प्लास्टिकची घसरगुंडी मागवते. पालकांना दार उघडल्या उघडल्या काहीतरी दिसावं लागतं.”

मंगळवारी त्या पाळणाघराच्या भिंतीशी एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गुडघे हनुवटीला लागत होते. लांबट खोली, खाली रबरी चटया, मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर पिशव्यांचे हूक. मुलं तिघींच्या ताब्यात, पण एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघरात अडकलेली. खोलीत उरायची ती एकच, जिला सगळे ताई म्हणतात. ताईच्या डाव्या कडेवर दहा महिन्यांचं एक गुटगुटीत बाळ होतं. त्याला सगळे गोटी म्हणायचे. गोटीला खाली ठेवलं की तो भोंगा सुरू करी, म्हणून त्याला खाली ठेवलं जात नसे.

पाहुण्या आल्यात म्हणून ताईने बाकाची घसरगुंडी करायला घेतली. तक्त्याकडे बघत तिने एका हाताने पहिली नॉब फिरवली. नॉब निघाली. ती ठेवायची कुठे? खाली ठेवली तर कुणाच्या तरी तोंडात जाणार. ताईने ती स्वतःच्याच दातांत धरली. फळी सरकवायला दुसरा हात हवा होता, त्यावर गोटी होता. तिने गुडघा लावला. तेवढ्यात एकाला शूला लागली, एकीने दुसरीच्या पाठीवर रंग उमटवला. ताई नॉब दातांत धरून “हांबा, हांबा” करत होती आणि तिचा तो आवाज ऐकून पोरं इतकी खूश झाली, की सगळीच “हांबा” करत तिच्याभोवती नाचायला लागली.

ताईने नॉब पुन्हा बसवली. बाक बाकच राहिला.

“मावशी, राग मानू नका,” ती ओठ पुसत म्हणाली. “हे रविवारचं खेळणं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरात बाबा असतात, जेवणं झालेली असतात, दोन्ही हात मोकळे असतात. आमच्याकडे रविवार येतच नाही.”

सुतारीणबाईंना राग आलाही होता, पण तो ताईचा नव्हता. त्यांनी स्वतःची दोन मुलं याच डाव्या कडेवर वाढवली होती. एका हाताने भात ढवळला होता, एका हाताने कुलूप उघडलं होतं. आणि या वस्तूचा नकाशा काढायला बसल्या तेव्हा दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून बसल्या. ज्या हाताने वस्तू उघडायची, तो हात नकाशात मोकळाच धरला.

शेडमध्ये परतल्यावर भावाने त्यांचा चेहरा बघितला आणि करवत बंद केली.

“मी म्हणत होतो. सात रूपं! एक ना धड, भाराभर चिंध्या.”

“बरोबर म्हणत होतास.”

बहीण एवढ्या लवकर कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो जरा गडबडला. “मग आता काय? त्या ताईला तिसरा हात बसवणार?”

“नाही. माझा एक काढणार.”

त्यांनी स्क्रूची आठ किलोची पिशवी ओढणीने डाव्या कडेवर बांधली आणि वस्तूचा पहिला नमुना शेडमध्येच होता, त्याच्याशी एका हाताने झटायला लागल्या. भाऊ स्टुलावर बसून बघत होता.

“छान दिसतंय. नाव काय ठेवलंस?”

“गप्प बस, दादा.” थोड्या वेळाने त्यांनी पिशवी सोडून खाली ठेवली. “ही काही कामाची नाही. ही हलत नाही.”

“मग?”

“तुझी नात आण.”

भावाची नात आठ महिन्यांची. सूनबाईने आधी शेडमधला भुसा झाडून घ्यायला लावला, मग पोरीला दिलं आणि स्वतः दारात उभी राहिली. पोरीने पहिल्यांदा आत्याआजीच्या कानामागची पेन्सिल उपटली, मग चष्मा धरला, आणि बाई बाकाकडे वाकल्या तशी अख्खी मागे झुकली. सूनबाई “अहो आत्या!” म्हणून किंचाळली. बाई सरळ झाल्या. पोर हसली. बाईंनी पुन्हा वाकून बघितलं, पुन्हा तेच.

वाकता येत नाही. मंगळवारच्या त्या दुपारी कळलेली ही पहिली गोष्ट. कडेवर मूल असलेली बाई वाकत नाही, म्हणजे पकड वर हवी. दुसरी गोष्ट कळली ती पोरीला सावरताना, बाकाला आधारासाठी पाय लागला तेव्हा. कडेवर मूल असलेल्या बाईला हात एकच असतो, पण पाय दोन असतात.

त्यांनी पोर परत दिली आणि नॉब काढायला घेतल्या. चारही काढल्या. दांडा काढला. घसरगुंडीची फळी उतरवली, करवतीखाली धरली आणि मधोमध कापली.

“अगं, तीच तर सगळ्यांत छान होती!” भाऊ म्हणाला.

“होती,” बाई म्हणाल्या.

बुधवारी दिवसभर त्यांनी नवीन बाक जोडला. युक्ती साधी होती, पण तिला वळण देताना तीन वेळा फळ्या वाया गेल्या. सुटी करायची अशी एकही गोष्ट त्यात ठेवायची नाही. बाक नुसता कुशीवर वळवायचा. एका कडेवर ठेवला की बाक, शेजारच्या कडेवर की दुकानाचा गल्ला, आणि तिसरी कड गोलसर, रबराची पट्टी लावलेली, तिच्यावर ठेवला की होडी. होडी फार डुलू नये म्हणून गोलाईच्या दोन्ही टोकांना सपाट टप्पे. कुणाची बोटं खाली सापडता कामा नयेत. बाकी कडांना खाली फेल्टची, जाड लोकरी कापडाची, पट्टी. प्रत्येक फळीच्या वरच्या अंगाला मोठ्या माणसाचा अख्खा हात जाईल अशी खाच. पोराचा हात गेला तर तो सहज निघावा आणि डोकं जाऊच नये, एवढी.

अडचण एकच राहिली होती, आणि ती भावाने बरोबर काढली. “ताईला एका हाताने वळवता येईल, तर चार पोरांना मिळून नाही वळवता येणार? अंगावर घेतील.”

“गुडघ्यांवर बस.”

“काय?”

“तू पोर आहेस. ढकल.”

भाऊ कुरकुरत गुडघ्यांवर बसला आणि पोराच्या उंचीवरून बाकाला जोर लावला. बाक कलंडला नाही. फेल्टवरून सुळ्ळकन सरकत थेट लाकडाच्या ढिगापर्यंत गेला, आणि मागोमाग भाऊ तोंडघशी.

“आता बघ.” बाईंनी बाकाच्या टोकाशी उभं राहून खालच्या कोपऱ्याला बूट टेकवला, वरची खाच उजव्या हाताने धरून बाजूला ओढली. पायाने अडवलेला बाक सरकला नाही, वळला. कोपरे गोल होते, म्हणून धाडकन आदळला नाही. झोपेत कूस बदलावी तसा दुसऱ्या कडेवर गेला.

“पोराचा पाय हलका,” बाई म्हणाल्या. “तो बाकाला अडवत नाही. बाकाबरोबर सरकतो.”

भावाने स्वतः तीनदा वळवून बघितलं. मग म्हणाला, “घसरगुंडी मात्र मागतील हं ते.”

“मागू देत.”

गुरुवारी दहा वाजता जुना बाक हलवून नवा पाळणाघराच्या दाराशी, त्याच जागी ठेवला गेला. मुलं लगेच, बूट काढायला बसावं तशी, त्यावर ओळीने बसली. पाळणाघराच्या बाई हातातल्या किल्ल्या खुळखुळवत आल्या आणि बाकाभोवती एक फेरी मारली.

“तक्ता कुठाय?”

“नाही.”

“आणि घसरगुंडी?”

“कापली.”

“अहो, मला तीच तर हवी होती!”

सुतारीणबाई ताईकडे वळल्या. गोटी नेहमीच्या जागी होता. “इथे पाय लाव, ही खाच धर आणि बाजूला ओढ. एवढंच.”

ताईने पाय लावला. “बाजूला व्हा रे!” ती ओरडली. पोरं मागे सरली. तिने ओढलं. बाक वळला आणि होडी झाला. गोटी कडेवरून खाली बघत राहिला, रडला नाही. ताईने क्षणभर स्वतःच्याच हाताकडे बघितलं, मग पुन्हा पाय लावला. होडीचा गल्ला झाला. गल्ल्याचा पुन्हा बाक.

“अजून!” पोरं ओरडली. चौथ्या वेळी “बाजूला व्हा रे” ताईला म्हणावं लागलं नाही, ते पोरांनीच एका सुरात म्हटलं.

पाळणाघराच्या बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्या तासभर खोलीतच थांबल्या, एरवी त्या तिथे दहा मिनिटं टिकत नाहीत. तासाभरात बाक किती वेळा फिरला ते कुणी मोजलं नाही. मध्येच ताई न्हाणीघराकडे गेली तेव्हा चौघांनी मिळून तो ढकलायला घेतला. सुतारीणबाई जागच्या उठल्या नाहीत. बाक कलंडला नाही. सरकत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. दोघं वर बसले, दोघांनी परत आणला. “तिकीट! तिकीट!” असा गलका झाला.

“ही बस तुम्ही सांगितली नव्हती,” पाळणाघराच्या बाई म्हणाल्या.

“मला माहीत नव्हती.”

“हं.” त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. “पालक विचारतील, घसरगुंडी कुठाय म्हणून.”

“मग त्यांना तासभर बसवा इथे.”

पाळणाघराच्या बाई हसल्या. “राहू दे हा. आणि वरच्या खोलीसाठी अजून एक करा. तिथली मुलं अजून लहान आहेत, थोडा बुटका करा.”

“बुटका केला तर ताईला वाकावं लागेल,” सुतारीणबाई म्हणाल्या. “पाटी खाली घेते. खाच आहे तिथेच राहील.”

शेडमध्ये त्यांनी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. भाऊ “बरं” म्हणाला. मग ओलं फडकं घेऊन त्याने खिडकीखालचा खडूचा चौकोन पुसला आणि तोच दाराच्या डाव्या बाजूला, स्वतःच्या कामाच्या टेबलाला खेटून, आखला. टेबल हातभर मागे घ्यावं लागलं.

“तिथे तुला उजेड मिळणार नाही,” बाई म्हणाल्या.

“मशीनला डोळे नसतात. तू आता तुझं माप काढ.”

उद्या सकाळी साडेआठला पाळणाघराचं दार उघडेल तेव्हा बाक दाराशी बाक म्हणूनच उभा असेल, कारण बूट तिथेच काढतात. सव्वानऊला शेवटचे बूट हुकाखाली गेले, की ताई उजवा पाय त्याच्या कोपऱ्याला लावील. गोटी डाव्या कडेवर असेल.