भुऱ्याला घेऊन धरणाकाठी

शनिवारी सकाळी लालबागहून निघालो तेव्हा गाडीत मी, बायको शुभदा, डबाभर कोंबडी-वडे आणि मागच्या सीटवर आमचा कुत्रा भुऱ्या, एवढा सरंजाम होता. मुरबाडच्या पुढे एका धरणाच्या काठावर तंबूत राहायची सोय आहे आणि तिथे कुत्रा चालतो, एवढं फोनवर कळलं होतं. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या जिवाला दोन दिवस मोकळं रान मिळावं, हाच काय तो हेतू.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. समोर पसरलेलं पाणी, पलीकडे डोंगर आणि काठाने ओळीत सात-आठ तंबू, एकमेकांपासून जेमतेम चार हातांवर. जागेचे मालक बाळूभाऊ गावातलेच. त्यांनी आमच्याआधी भुऱ्याकडे पाहिलं आणि आतून गुरं बांधायचं दावं आणून माझ्या हातात दिलं.

"बांधून ठेवा, साहेब. बाजूला पोरंबाळं आहेत."

"हो, हो," मी म्हणालो आणि दावं खुंटीला अडकवून दिलं. नुसतं दावं.

शेजारच्या तंबूत गिरगावातल्या फणसवाडीची मृणाल आणि तिची नऊ वर्षांची मुलगी सई. गिरगाव-लालबाग म्हटल्यावर ओळख व्हायला वेळ लागला नाही. आमचे वडे तिकडे गेले, तिकडून थालीपिठं आली. भुऱ्या मात्र भलताच खुलला होता. पाण्यात डुंबून आला तो थेट त्यांच्या सतरंजीवर, ताटांच्या मधून. सई उठून तंबूत गेली आणि आतून चेन ओढली.

"दादा, त्याला बांधाल का? सई फार घाबरते," मृणाल म्हणाली.

"अहो, काही करत नाही तो," मी हसून सांगितलं. "उलट तिची भीती जाईल."

तिने सतरंजी झटकली आणि तंबूच्या मागच्या बाजूला नेऊन अंथरली.

चारच्या सुमाराला मी खुर्ची टाकून चहा पीत होतो. सई पाण्यालगतच्या खडकावर एकटीच बसली होती. भुऱ्याने कुठूनशी काटकी उचलली आणि खेळायला म्हणून तिच्याकडे धाव घेतली. ती उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. नुसती एकेक पाऊल मागे सरकू लागली.

"पळू नकोस गं, थांब!" मी बसल्या जागेवरून ओरडलो.

तिसऱ्या पावलाला खडक संपला.

पाण्याचा आवाज झाला तसा मी धावलो आणि कपड्यांनिशी उडी घेतली. पायाला तळ लागेना. पाणी गढूळ, हाताला काही सापडेना. मग शर्टाची बाही लागली, ती घट्ट धरली. वर आणलं तेव्हा तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि डोळे सताड उघडे होते. मृणालने तिला माझ्या हातांतून ओढून घेतलं. सई खोकली, पाणी ओकली आणि मग कुठे तिला रडू फुटलं. काठावर भुऱ्या तोंडात काटकी धरून शेपूट हलवत उभा होता.

बाळूभाऊंनी तिच्या कपाळावर पट्टी बांधली. जखम खोल नव्हती.

"चौथ्या वर्षी चावला होता हिला एक," मृणाल म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्तच जड गेलं. "तुमचा काही करत नाही, हे तुम्हाला माहीत. तिला कसं कळणार?"

मी दावं काढलं, भुऱ्याला बांधलं आणि आमचा तंबू ओळीच्या पार टोकाला हलवला. तंबू उचलताना दिसलं, भुऱ्याने मधल्या वाटेवर घाणही करून ठेवली होती. दिवसभर लोक ती चुकवत चालत होते. पिशवीत भरून ती लांब नेऊन पुरली.

सकाळी निघताना सई लांबूनच म्हणाली, "बांधलाय ना?" मी गाठ ओढून दाखवली. ती तिथूनच त्याच्याकडे बघत राहिली. जवळ आली नाही. मीही ये म्हटलं नाही.

दुपारी लालबागला पोचलो. भुऱ्याची दोरी आखडून धरत जिना चढू लागलो, तर वरून शेजारच्या परब काकू उतरत होत्या. आम्हाला पाहताच त्या वळल्या आणि पुन्हा वर गेल्या. असं त्या नेहमीच करायच्या. काही विसरल्या असतील, असं मी समजायचो.

भुऱ्याला घरात ठेवून मी त्यांचं दार वाजवलं.

"काकू, तुम्ही भुऱ्याला घाबरता?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दोन वर्षां झाली रे."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलंय मी तुका, पयल्याच आठवड्यात," काकू म्हणाल्या. "तू हसलंस."

मला काहीच आठवत नव्हतं. दारातल्या दारात उभा राहून मी आठवून पाहत राहिलो, आणि आठवत नाही याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.