दोराला कोणाचा हात

काका गेल्याचा निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी कुडाळच्या शाळेत परीक्षेचं कोष्टक आखत होते. ते पूर्ण केलं, दुसऱ्या बाईंच्या हाती दिलं, सोबत काय घ्यायचं याची यादी केली आणि मालवणची एस.टी. धरली. यादीतलं सगळं घेतलं होतं. रडू तेवढं वाटेत आलं...

आईवडिलांमागे मला काकांनीच वाढवलं. ते न्यायाधीश. निवृत्त होऊन समुद्रकाठच्या आमच्या गावी परतले ते राज्यघटना लागू झाल्यानंतर थोड्याच वर्षांनी. त्यांच्या फळीवर जुनी धर्मशास्त्रं आणि नवी घटना शेजारी शेजारी असत. संध्याकाळी मला वाचून दाखवत. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, हे आपल्याकडे फार पूर्वीच लिहून ठेवलंय, म्हणत. पण त्याच पानांवर एकाच गुन्ह्याला माणूस बघून वेगळा दंड. मग घटना उघडत. कायद्यापुढे सगळे समान, एवढ्याशा ओळीवर त्यांचं बोट थबकायचं. सरकारचंही चुकलं असं कोर्ट सांगू शकतं, असं ऐकून घेणारा राजा पूर्वी कुठे होता गो, असं विचारत. मला वाटे, एवढं थक्क होण्यासारखं यात काय आहे?

ते मला सुगंधाच्या तंट्यात कळलं. आमच्याकडे रापण म्हणजे साऱ्या वाडीचं जाळं. घरोघरचे तुकडे जोडून ते एक होतं, होडीतून समुद्रात सोडतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. मासळीचे वाटे पडतात. सुगंधाचा नवरा तापाने गेला. त्याचं जाळं रापणीतच राहिलं, पण वाटा बंद झाला. घरात दोन पोरं, दुसरं उत्पन्न नाही. वाडीने निवाडा काकांवर सोपवला. ओट्यावर खुर्ची मांडली, माणसं अंगणात बसली.

रापणीचा म्होरक्या जानू तांडेल म्हणाला, "जेचो हात दोराक, तेकाच वाटो. बापजाद्यांपासून ह्याच चलत इला."

"माज्या घोवाच्या जाळ्यात मासो गावता, तो चलता तुमका," सुगंधा म्हणाली. "माका वाटो देताना मात्र हात आठवता!"

 काका म्हणाले, "जानू, आज सकाळी माज्या घरात रापणीतले पेडवे इले. माजो हात खंय होतो?"

"तो तुमचो मान, रावसायबानू."

"मानाक हात नको, आणि हक्काक होयो?" काका उठले. "मी तुमचे मासे खातंय. ह्या खुर्चेर बसान माका निवाडो करूक येवचो नाय." आणि पायऱ्या उतरून अंगणात, मातीवर, सगळ्यांत मागे जाऊन बसले. जन्मभर खुर्चीवर बसलेला माणूस... तिथूनच त्यांनी एक प्रश्न विचारला, "दोराक हात म्हणजे कोणाचो, ह्या कोणी सांगल्यान हा?"

 बायकांनी दोराला शिवायचं नाही हे इतकं ठरलेलं होतं, की कोणी कधी बोलून दाखवलंच नव्हतं. सभा मोडली. मानाचे मासे काकांनी बंद केले.

पुढची रापण लागली तेव्हा सुगंधा पदर खोचून आली आणि दोर धरला. त्या बाजूच्या पुरुषांनी दोर सोडला. जाळं पाण्यात अडलं, एका अंगाने मासळी निसटू लागली आणि ती एकटी वाळूत टाचा रोवून फरफटत पाण्यात चालली. तेवढ्यात काका पाण्यात शिरले आणि तिच्या मागे दोराला लागले.

"रावसायबानू, धोतर संबाळा, नायतर रापणीत ताच गावतला!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. जानू मात्र हसला नाही. निसटत्या मासळीकडे, मग त्या दोघांकडे त्याने बघितलं.

"बघतास काय रे? दोर वडा!" तो पुरुषांवर ओरडला.

त्या दिवशी सुगंधाला जाळ्याचा वाटा मिळाला आणि हाताचाही. काकांनाही ओंजळभर बांगडे मिळाले. घरी मी म्हटलं, "पण तुम्ही तर बाजू घेतलीत."

"खुर्ची सोडलंय म्हणान दोर धरूक मोकळो झालंय," ते म्हणाले आणि तळहाताला खोबरेल लावू लागले. फळीवरच्या त्या एका ओळीसाठी किती जणांना पाण्यात उतरावं लागलं असेल, हे मला त्या सोललेल्या हातांकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं.

काकांचं सगळं कार्य उरकल्यावर मी घर आवरायला राहिले. एका सकाळी सुगंधा मासळीची पाटी घेऊन ओट्याशी आली. "रावसायबांचो वाटो."

"त्यांचा हात आता दोराला नाही," मी म्हटलं. "हे मला घेता यायचं नाही."

मला वाटलं, ती दुखावेल. ती हसली. "मगे तू ये गो. दोर काय तेंनी आपल्याबरोबर न्हेवक नाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना गेले. ओला दोर मला वाटला होता त्याहून फार जड निघाला. माझ्या पुढे सुगंधा होती, तिच्या पुढे वाडीतल्या आणखी दोघी. म्हातारा जानू कोणाच्याच तोंडाकडे न बघता ओरडला, "वडा!"