अप्पांबरोबर गेलेला ट्रॅक्टर

आमच्या अप्पांच्या अस्थी आणि माझा ट्रॅक्टर एकाच दिवशी, एकाच नदीत, एकाच मंत्रावर विसर्जित झाले. मंत्र अर्थातच अप्पांसाठी होता. ट्रॅक्टर त्यावर फुकटात तरला. (खरं म्हणजे बुडाला!)

हे नीट सांगायचं तर आधी माझं खूळ सांगायला हवं. मी सेतुमाधव राव. तंजावरच्या एका कॉलेजात गणित शिकवतो आणि बागेत चालवायचे जुने, बुटके ट्रॅक्टर जमवतो. बुटके म्हणजे किती? मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला, तर जत्रेत आईचा हात सुटलेलं पोर वाटावं इतका. एके काळी निलगिरीतल्या चहामळ्यांचे साहेब असल्या ट्रॅक्टरांनी क्लबाची हिरवळ कापून घेत. साहेब गेले, हिरवळ गेली, ट्रॅक्टर भंगारात गेले आणि तिथून माझ्याकडे आले. माझ्याकडे तीन होते. थोरला, मधला आणि धाकटा. तिरुवैयारूला नदीकाठी आमची छोटी नारळाची बाग आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघं राहत. सुट्टीच्या दिवशी लोक देवळात जातात. मी शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टरखाली आडवा होत असे आणि काळं तेल तीर्थासारखं तोंडावर घेत असे.

अप्पा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस करारी. पहिला ट्रॅक्टर आणला तेव्हा त्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

“हा नांगरतो कां?”

“अजून नाही.”

“ओझं वाहतो?”

“थोडंसं.”

“सांगितल्यावर लगेच उठतो?”

“दोन-चारदा हलवावं लागतं.”

“मग आपल्याच घराण्यातला आहे. असूं दे!”

(पिढ्यानपिढ्या तंजावरात राहिलेल्या आमच्यासारख्यांची मराठी अशीच आहे. पुण्याहून येणारे पाहुणे आम्हाला ऐतिहासिक नाटकातले समजतात आणि मध्येच तमिळ शब्द आला की दचकतात.)

अप्पा जूनमध्ये गेले. हॉस्पिटलात मी जवळच बसलो होतो. शेवटचे शब्द म्हणून मुलाने चारचौघांत सांगावं असं काहीही ते बोलले नाहीत. “पंखा कमी कर,” म्हणाले. मी उठून पंखा कमी केला, वळलो, तर ते गेलेले.

दुसऱ्या दिवशी स्मशानात वाध्यारांनी राखेतून अस्थी वेचून मडक्यात घातल्या. (आमच्या भटजींना इथल्या रीतीप्रमाणे आम्हीही वाध्यारच म्हणतो.) मडक्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि ते माझ्या हातात दिलं. अजून कोमट होतं. अप्पा खुर्चीत बसले की खुर्ची कुरकुरायची, आणि आता एका हातावर मावत होते. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण ही वजाबाकी काही केल्या सुटेना.

अस्थी तिरुवैयारूच्या घाटावर कावेरीत सोडायच्या, हे आईने ठरवलं होतं. आमच्याकडे बायका सहसा अशा कामाला जात नाहीत. पण आईने ऐकलं नाही. “जन्मभर त्यांचा डबा भरून दिला, छत्री हातात दिली, दारापर्यंत पोचवलं. आता पोचवायला मीच नको कां?” तिला तोडीस तोड उत्तर द्यायला घरात अप्पाच नव्हते. शिवाय पापनाशमहून माझी मोठी बहीण आक्का आली होती. ती निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघा नवा बसवलेला, पण आवाज अजून जुनाच! आई, आक्का, वाध्यार, मी आणि मांडीवर अप्पा, असे आम्ही व्हॅनमधून घाटावर उतरलो.

नदी जागेवर होती. पाणी तेवढं नव्हतं.

पायऱ्या संपल्या की वाळू, आणि मग दृष्टी पोचेल तिथवर वाळूच. मध्ये दोन शेळ्या. पार पलीकडच्या काठाला धोतराच्या किनारीएवढी एक धार चमकत होती.

“वाहतं पाणी पाहिजे, राव,” वाध्यार म्हणाले. “वाळू उकरून पुरायला आपण काय मांजरं आहोत?”

“सेतू जाईल चालत,” आक्का म्हणाली. “आम्ही इथून हात जोडतो.”

“मी येणार,” आई म्हणाली.

“आई, या वाळूत तुझा पाय घोट्यापर्यंत रुतेल.”

“मग उचलून ने.”

आणि इथे, वडील जाऊन एक दिवस झालेला, डोकं भादरलेलं, पोटात अन्न नाही, अशा अवस्थेत माझ्या तोंडून आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य निघालं:

“थांबा. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे!”

बागेतल्या शेडमध्ये थोरल्याचं इंजीन बाहेर काढून ठेवलेलं होतं. धाकट्याला ब्रेक नव्हता. मधल्याला इंजीन आणि ब्रेक दोन्ही होते, फक्त दोन्ही एका वेळी चालत नसत. या जुन्या इंजिनांना किल्ली नसते. एक सुटी दोरी चाकाला गुंडाळायची, जीव खाऊन ओढायची आणि सुरू झालं की दोरी खिशात टाकायची. एरवी मधल्याला सुरू करायला माझा एक शर्ट घामाने भिजतो. त्या दिवशी पहिल्या झटक्याला सुरू झाला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

मागे छोटा ट्रेलर जोडला. त्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या काथ्याने बांधल्या. एकीवर आई मडकं घेऊन बसली, दुसरीवर आक्का छत्री उघडून. वाध्यार ट्रेलरच्या कडेला पाय सोडून बसले. वाळूच्या गाड्या जिथून उतरतात त्या उतारावरून आमची मिरवणूक नदीत उतरली. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ओठच हललेले दिसावेत.

थोडंसंच पुढे गेलो असू, तेव्हा पाहिलं तर घाटावर बरीच माणसं जमली होती आणि आमच्याकडे बघून हात हलवत होती. कुणी टॉवेल हलवत होतं, कुणी उड्या मारत होतं. अप्पांना इतकी माणसं ओळखत होती! मी चालत्या ट्रॅक्टरवरून वळून सगळ्यांना हात जोडले.

त्याच क्षणी पुढचं चाक खाली गेलं.

कुणीतरी चोरून वाळू उपसून खड्डा केला होता आणि वर भुसभुशीत वाळू साचली होती. मधल्याने तोंड खाली घातलं, एक उचकी दिली आणि बंद पडला.

“ढकलूं या,” वाध्यार म्हणाले.

आईला आणि आक्काला उतरवलं. आता मडकं कुठे ठेवायचं? वाध्यार म्हणाले, जमिनीवर टेकवायचं नाही. आईला वाळूत उभं राहायला दोन्ही हातांनी आक्काचा आधार घ्यावा लागत होता. मी मडकं ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवलं आणि पडू नये म्हणून खिशातल्या दोरीने करकचून बांधलं. उभे फेरे, आडवे फेरे, गाठीवर गाठ. माझ्या हातच्या नटबोल्टांविषयी कुणी काहीही म्हणो, ही गाठ पक्की होती.

आम्ही ढकललं. ट्रॅक्टर आणखी खाली गेला.

“नुसतं ढकलून काय होतंय?” आक्का ओरडली. “सुरू कर ना तो!”

“सुरू करायला दोरी लागते.”

“मग ओढ दोरी!”

“दोरी अप्पांना बांधली आहे.”

आक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिने शाळेत दरवर्षी नापास होणाऱ्यांकडे पाहिलं असेल. ती काही बोलणार, इतक्यात घाटावरचा आवाज पहिल्यांदाच आमच्यापर्यंत पोचला. इंजीन बंद होतं ना आता!

“तण्णी! तण्णी!” माणसं ओरडत होती.

“पाणी मागतायत?” आक्काने विचारलं.

वाध्यार पश्चिमेकडे बघत उभे होते. “मागत नाहीत,” ते म्हणाले. “सांगतायत.”

धरणाचं पाणी सोडलं होतं. दरवर्षी सोडतात. ऑटोला कर्णे लावून गावभर ओरडून सांगतात, पेपरात येतं. पण आमच्या घरात मयत, पेपर उघडलाय कुणी? हात हलवणारी ती माणसं अप्पांना निरोप द्यायला आली नव्हती. ती नव्या पाण्याला फुलं वाहायला आली होती आणि पाण्याच्या वाटेत एक ट्रॅक्टर, दोन म्हाताऱ्या आणि एक टकलू हात जोडून उभा आहे, हे बघून त्यांची गाळण उडाली होती!

कोरड्या नदीत येणारं पाणी भिंतीसारखं येत नाही. ते चालत येतं. मळकट फेसाची एक जीभ वाळू चाटत, पालापाचोळा, तुटक्या चपला, बाटल्या पुढे ढकलत येते, सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरच्या चालीने. पाहणाऱ्याला वाटतं, भरपूर वेळ आहे. तेवढंच फसवं असतं ते, कारण मागून त्याची उंची वाढत असते.

“आईला उचला!” आक्काने हुकूम सोडला. काथ्या तोडून खुर्ची मोकळी केली, आईला बसवलं, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वाध्यार. आक्का नव्या गुडघ्याने, छत्री टेकत पुढे. आई सारखी मागे वळून बघत होती. “अरे, ते राहिले. सेतू, ते राहिले ना तिथं.”

“तुला पोचवतो आणि त्यांना आणतो.”

घाटाच्या पायरीवर आईला ठेवलं, तेव्हा पाणी आमच्या पोटऱ्यांना लागलं होतं. मी परत फिरलो.

“सेतू, जाऊं नको!” हा आक्काचा आवाज. आज्ञा देणारा नव्हता. घाबरलेला होता. तसा तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

मी गेलो. गुडघाभर पाणी, मग मांड्या, मग कंबर. मधल्याचं तोंड बुडालं होतं, सीट अजून वर होती आणि सीटवर अप्पा. मी गाठीला हात घातला. दोरी भिजून फुगलेली. नखं लावली, दात लावले. माझी स्वतःची गाठ मला सुटेना! दोरी तोडायला पाना, पक्कड, सुरी काहीतरी हवं होतं, आणि हत्यारांची पेटी आधीच पाण्याखाली गेली होती. पायाखालची वाळू सरकायला लागली. ट्रॅक्टर कण्हत एका अंगावर कलला. मी मडक्याला मिठी मारली, म्हणजे पर्यायाने ट्रॅक्टरलाच मिठी मारली, आणि आम्ही तिघं मिळून खड्ड्याकडे निघालो. नाकातोंडात पाणी गेलं. मेलो, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. भीतीसुद्धा नाही, नुसतं एक कोरडं उत्तर.

“सोड!” काठावरून आई किंचाळली. “सेतू, सोड!”

“कुणाला सोडूं?”

“दोघांनाही सोड!”

मी सोडलं.

मधला सावकाश खाली गेला. शेवटी फक्त सीट आणि मडक्याचं पांढरं फडकं पाण्यावर दिसत होतं, ताठ. जणू ज्या ट्रॅक्टरवर अप्पा जन्मात कधी बसले नाहीत, तो आता स्वतः चालवत निघाले होते. मग तेही दिसेनासं झालं.

मला वाध्यारांनी काढलं. कंबरभर पाण्यात उतरून त्यांनी उपरणं फेकलं, मी ते धरलं. ओढता ओढता त्यांचे मंत्र चालूच होते, कारण वाहतं पाणी आलं होतं आणि अस्थी पाण्यात होत्या. कर्म थांबवून चालणार नव्हतं. मध्येच एकदा ते थांबून “हात सोडूं नका, राव!” म्हणाले आणि पुढचा शब्द उचलला. काठावरच्या बायकांनी नव्या पाण्यात हळद-कुंकू आणि फुलं टाकली. त्यातली बरीच माझ्या डोक्यावर पडली. डोक्याला केस नसल्यामुळे ती टिकली नाहीत.

परतताना व्हॅनमध्ये आक्का एवढंच बोलली. “लोक अस्थी सोडतात रे. तू इंजीन सोडलंस!” मग तिने स्वतःच्या पदराने माझं डोकं पुसलं.

घरी आल्यावर आईने भिजलेलं लुगडं बदललं, पण संध्याकाळपर्यंत पाणीही घेतलं नाही. मी समोर जाऊन बसलो. वडिलांचं शेवटचं काम मुलाने हौसेपायी असं केलं, त्याला क्षमा कोणत्या शब्दांत मागायची, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

शेवटी तिनेच विचारलं, “तो परत निघेल कां रे वर?”

“पाणी जाईपर्यंत नाही. नंतरही वाळूत गाडला गेलेला असेल.”

“राहूं दे,” आई म्हणाली. “त्यांना एकट्याने कुठं जायला आवडत नसे. बाजारात जायचं तरी कुणीतरी लागे.”

मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

पुढे वर्षश्राद्धाच्या सुमारास इतिहासात संशोधन करणारी एक मुलगी घरी आली. तमिळ, चुणचुणीत. मोबाईल माझ्यासमोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिला तिरुवैयारूच्या घाटावर कळलं होतं म्हणे, की तंजावरच्या मराठ्यांत घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचं वाहन नदीला अर्पण करतात. काही लोकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मुंडन केलेला मुलगा वाहनाला मिठी मारतो, त्याची आई काठावरून ठराविक शब्द उच्चारते, मगच तो सोडतो!

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण समोर रेकॉर्डिंग चालू, मी प्राध्यापक, आणि माझे विद्यार्थी ते ऐकणार.

“हो,” मी गंभीरपणे म्हणालो. “आहे अशी प्रथा.”

“सगळ्याच घराण्यांत आहे, सर?”

“छे! सगळ्यांत कशी असेल?” मी म्हणालो. “बाकीच्यांचे ट्रॅक्टर सुरू होतात.”