काळ्या हंसाला लावलेला व्हाइटनर

कबूल करते, ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याचा राज्यपक्षी मी व्हाइटनरने पुसून टाकला आहे. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय टळून गेलेलं.

जावयाचं कतारमधलं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं होतं. लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात पर्थला निघाले होते. मी रत्नागिरीला परतणार होते. माझ्या व्हिसाचा विषय कुणी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. हात रिकामे राहिले की रडू यायचं, म्हणून मी सारखं काहीतरी करत असे.

नातीला शाळेसाठी नव्या राज्याचा चार्ट करायचा होता. कतारमधल्या अल वक्रा गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशीवर बसून तिने वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढला. डावीकडे समुद्र, आत लाल वाळवंट. शेजारी कांगारूच्या पंजासारखं लाल-हिरवं फूल, वाळवी खाणारा पट्टेरी नंबॅट आणि झेंड्यावरच्या पिवळ्या गोलात काळाकुट्ट हंस.

हंस कधी काळा असतो? त्यात पोर नव्या मुलखात निघालेली! ती शाळेत गेल्यावर मी तो पांढराशुभ्र केला आणि दुपारी ती आल्यावर मोठ्या तोऱ्यात दाखवला.

"नानी! तिकडचा स्वान ब्लॅकच असतो!"

"मग दे, पुन्हा काळा करते," म्हणत मी ओशाळून मार्कर शोधू लागले.

तिने माझा हात धरला. "राहू दे, नानी. तू तर येणारच नाहीस. तुझ्यासाठी व्हाइटच राहू दे."