थंड खोलीसाठी आणलेला डबा

फोटोमास्तरांना कुणीही विचारावं, "कसे आहात?" उत्तर ठरलेलं: "बरंय." दात काढून घेतला त्या दिवशीही बरंयच होतं. त्या बरंयला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी हा माणूस असा नव्हता हो! ग्रुप फोटोत तोंड फुगवून उभ्या राहिलेल्या मामालासुद्धा हसवल्याशिवाय बटण दाबायचा नाही. मग वीस वर्षांची एकुलती एक लेक चार दिवसांच्या तापात गेली, आणि मास्तर आतून बधिर झाले ते झालेच. जेवायचे, झोपायचे, दुकान उघडायचे. रडले मात्र नाहीत.

आता दुकानही विकून झालं होतं, आणि नवराबायको एका गोदामाच्या ऑफिसात बसली होती. इथं सामान ठेवायला खोल्या आणि कपाटं भाड्यानं मिळत. त्यातली काही बाराही महिने गार आणि कोरडी राखलेली, म्हणून त्यांचं भाडं दुप्पट. मास्तरांच्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, काळ्या चिकटपट्टीनं चारी बाजूंनी आवळलेला.

डब्यात लेक होती. म्हणजे तिच्या निगेटिव्ह.

त्याचं असं झालं होतं, की कॅमेऱ्यात नवा रोल भरला की मास्तर पहिला फोटो गिऱ्हाइकाचा कधीच काढत नसत. आधी एक चाचणीचा. आणि चाचणीला समोर कोण? शाळेतून येऊन दुकानात पाय हलवत बसलेली लेक. कधी जीभ काढलेली, कधी वेणी सुटलेली. ते फोटो कागदावर काढले मात्र एकदाही नाहीत. चाचणीच्या फोटोला कोण कागद घालवतो? ती गेल्यावर आठवडाभर दुकान बंद ठेवून त्यांनी सगळ्या पाकिटांतून ते पहिले तुकडे कापून काढले, न बघता डब्यात भरले, झाकण दाबलं आणि पट्टी गुंडाळली. वारासुद्धा शिरायला नको!

"एकदा उघडा हो," बायको आजही म्हणाली. "मग ठेवा कुठं ठेवायचंय तिथं. मला तिला एकदा बघू दे."

"सुरक्षित आहे ना? मग झालं तर," मास्तर म्हणाले.

"कुणासाठी सुरक्षित? आपण दोघं गेल्यावर या डब्याला काय जावई येणारेय न्यायला?"

मास्तरांनी फॉर्म पुढं ओढला. ही बाई अशीच, बोलायला लागली की फट्कन बोलायची, आणि ते ऐकून आपल्याला काहीच होत नाही याचीच त्यांना मनातून लाज वाटायची.

टेबलापलीकडच्या मॅडमनी आधी पुष्कळ वर्षं एका ग्रंथालयात जुने कागद आणि फिल्म सांभाळण्याचं काम केलं होतं. त्यांनी डबा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पट्टीच्या कडेतून आंबूस वास येत होता, व्हिनेगरसारखा.

"काका, हा कधीपासून असा बंद आहे?"

"अकरा वर्षं. अगदी घट्ट."

"ठेवला कुठं होता?"

"माळ्यावर, पत्र्याखाली."

मॅडमनी डबा टेबलावर ठेवला. "काका, फिल्ममधून आंबट वाफ निघते. तिला बाहेर पडायला वाट लागते. कोंडली की तीच फिल्मला खाते. उघडा राहिला असता तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "आमची गार खोली पुढचं नुकसान लांबवते. झालेलं भरून देत नाही. तुमचे पैसे मी आत्ता घेणार नाही. आधी उघडा, आत काही उरलंय का बघा."

मास्तर हलले नाहीत. चाळीस वर्षं फिल्म हाताळलेला माणूस, आणि बाकी सगळ्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत धडधाकट होत्या. जिवापाड जपला तो हा एकच डबा.

बायकोनं टेबलावरची कात्री घेतली आणि पट्टी कापली.

झाकण निघालं तसा वास डोळ्यांत गेला. तुकडे आक्रसून एकमेकांना चिकटले होते. मॅडम चिमट्यानं एकेक सोडवू लागल्या, तशी त्यांची पापडी सुटून पडू लागली. शे-दीडशे तुकड्यांतला एक तेवढा अख्खा निघाला. बायकोनं तो दोन बोटांत धरून खिडकीकडं केला. तिला निगेटिव्ह कधीच वाचता आली नव्हती. तिला दिसले पांढरे केस, काळा चेहरा आणि वर नुसत्या सुरकुत्या.

"अहो, ही आपलीच ना?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तुकडा डोळ्यांजवळ नेला. उलट्या उजेडातला माणूस ते एका नजरेत ओळखायचे, तीच तर त्यांची रोजीरोटी होती. ते बघत राहिले. हनुवटी दिसत होती, गाल दिसत होता. एखाद्या गिऱ्हाइकाची पोरही असू शकली असती. फिल्म बिघडली म्हणून ओळख पटत नाहीये, की आपणच तिचा चेहरा विसरलो, हे त्यांना काही केल्या कळेना.

बायको त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"हो," मास्तर म्हणाले. "तीच. हसतेय."

"हसतेय?" बायको म्हणाली, आणि तुकडा परत घेऊन खिडकीशी गेली.

मास्तरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी नजर फॉर्मवर वळवली.

"सगळ्यात लहान कपाट द्या," मास्तर म्हणाले. "गार खोलीतलं." आणि त्यांनी सही केली.