फाईलमधलं घरचं पान

मॅडमनी माझं पान दोन बोटांच्या चिमटीत धरून वर केलं आणि सगळ्या आयांना दाखवलं.

"हे बघा. असं लिहायचं नसतं."

वर्गात बारा-पंधरा आया होत्या. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा ओरोसला जिल्हा कचेरीत, कुणाचं पर्यटकांसाठी हॉटेल. रापणीवर मासळी ओढायला जाणाऱ्याची बायको मी एकटी. मॅडमनी पान नाकाजवळ नेलं, झटकन लांब केलं आणि म्हणाल्या, "वाससुद्धा येतोय बरं का." आया हसल्या. माझी साडेचार वर्षांची मानसी खिडकीपाशी बसली होती. सगळ्या हसल्या म्हणून तीही हसली.

मालवणच्या त्या बालवाडीत प्रत्येक मुलाची एक फाईल असते. मुलाची चित्रं, फोटो, त्याने बोललेली वाक्यं तिच्यात लावतात. दर महिन्याला एक 'घरचं पान' असतं. मूल घरी नवीन काय शिकलं, ते घरच्यांनी मुलालाच विचारून लिहायचं. मला ही गोष्ट फार आवडली होती. मी दहावी नापास. तुमच्या घरात पोर काय शिकते, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मी बघितलं ते लिहिलं. रापणीचं जाळं ओढून झालं की किनाऱ्यावरच मासळीचे वाटे घालतात. ज्यांनी जाळं ओढलं त्या प्रत्येकाचा एक. कुणाला मोठा गेला, कुणाला लहान, अशी कुरकुर नको म्हणून आमच्या वाडीत एका पोराला वाट्यांकडे पाठ करून उभं करतात. एकजण वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हो वाटो कोणाचो?" पोर न बघता नाव घेतं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मग कुणी हूं की चूं करत नाही. त्या महिन्यात हा मान मानसीला मिळाला. अठरा नावं. एक विसरली नाही, एक दोनदा घेतलं नाही. मोठ्या वाट्यावर हात आला तेव्हा आपलं नाव यावं म्हणून तिचा बापूस हळूच खाकरला, लबाड कुठला, तरी ती वळली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "आये, मी बघूक नाय. बघितलंय तर लबाडी होतली."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. खाली तिने अठरा गोळे काढले, आणि पाठमोरी एक मुलगी.

"मासळीबाजार फाईलमध्ये कशाला?" मॅडम म्हणाल्या. "आणि ही भाषा? मुलीला हेच बोलायची सवय लागेल." त्यांनी कोरं पान माझ्यापुढे ठेवलं आणि त्या काय लिहायचं ते सांगू लागल्या. मी लिहू लागले. 'माझ्या मुलीने बागेतील फुले मोजली. तिला रंगांची ओळख झाली.' खाली माझी सही.

होय, मीच केली. कुणी हात धरला नव्हता. पोरीला काढून टाकतील या भीतीने मी मान खाली घातली, काना-मात्रा सांभाळला आणि माझ्याच पोरीबद्दल खोटं लिहिलं. ती शेजारी उभी राहून बघत होती.

जाताना तिने विचारलं, "आये, आपण फुला खंय मोजली?"

मी म्हटलं, "गप चल."

पुढच्या रापणीला तिच्या चुलत्याने वाट्यांसाठी तिला हाक मारली. ती माझ्यामागे लपली. "माका नको. घाण येता." चुलता हसला आणि त्याने दुसऱ्याचं पोर उभं केलं. मला हसू आलं नाही. नंतरच्या सोमवारी शाळेच्या फाटकाच्या अलीकडेच तिने माझा हात सोडला.

"आये, तू भुतूर येव नको. तुझ्या हातांका वास येता."

साडेचार वर्षांची पोर. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. रडता रडता संताप आला. मॅडमचा आला, तेवढाच माझाही. ती लाज तिला एकट्या मॅडमनी शिकवली नव्हती, सही माझी होती.

नवरा म्हणाला, "कशाक भांडतंस? दुसरी शाळा खंय आसा? सांगतत ता लिवन दी."

महिनाअखेरीला बाहेरचे पाहुणे फाईली बघायला आले. आम्हा आयांना बोलावून पुढे कोरी पानं ठेवली होती. वर छापलेलं, 'या महिन्यात मूल नवीन काय शिकलं?' मी लिहिलं. एक पाहुण्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "वाचून दाखवता का?" मी उभी राहिले. पान समोर धरून वाचलं.

'या महिन्यात माझी मुलगी आईची लाज वाटून घ्यायला शिकली. हे ती या वर्गात शिकली. मागच्या पानावरची फुलं खोटी आहेत. मॅडमनी सांगितली, मी लिहिली.'

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला. "ते पान इकडे द्या. नंतर बोलू."

"देवचंय नाय."

त्या वर्गात मी पहिल्यांदा माझ्या भाषेत बोलले. आधीचं खरं पान मागितलं, तर ते फेकून दिलं होतं. मग नवीन पान मी स्वतःच मानसीच्या फाईलला लावलं. पाहुण्या बाईंनी चष्मा सारखा केला आणि पुढच्या मुलाची फाईल उघडली.

मानसी अजून माझ्यापुढे चार पावलं चालते. किनाऱ्यावर येत नाही. मी ओढून नेणार नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी जागा नसेल, असं मॅडमनी आत्तापासून ऐकवलं आहे. ऐकवू देत. फाईल माझ्या पोरीची आहे. दर महिन्याला मी तिला विचारणार आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहिणार. माझ्याविरुद्ध बोलली तर तेही. त्यांनी पान काढलं तर पुन्हा लिहीन, फाडलं तर पुन्हा. माझ्या सहीच्या वर यापुढे दुसऱ्या कुणाचं वाक्य बसणार नाही.